फितुरांचा हिशेब : फ्रान्समधील युद्धोत्तर शुद्धीकरणाचा आढावा

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने जिंकलेल्या प्रत्येक देशात शत्रूला सामील झालेली माणसे होती, आणि युद्धाचे पारडे फिरल्यावर बहुतेक ठिकाणी त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. फ्रान्समध्ये या प्रक्रियेला ‘शुद्धीकरण’ असे नाव पडले. तिच्यावर जितके लिहिले गेले आणि जितका वाद झाला, तितका इतर कोणत्याही देशातील प्रक्रियेवर झालेला नाही. इतरत्र फितूर म्हणजे एखाद्या लहानशा नाझीधार्जिण्या पक्षाचे लोक, अशी साधारण विभागणी करता येत होती. फ्रान्समध्ये मात्र शत्रूशी हातमिळवणी खुद्द सरकारने केली होती. त्यामुळे देशद्रोही कोणाला म्हणायचे, हा पहिलाच प्रश्न अवघड होऊन बसला.

पार्श्वभूमी

२२ जून १९४० रोजी फ्रान्सने शस्त्रसंधीवर सही केली. १० जुलै रोजी व्हिशी येथे जमलेल्या संसदेने ५६९ विरुद्ध ८० मतांनी मार्शल फिलिप पेतां यांच्या हाती सर्वाधिकार दिले. पेतां हे पहिल्या महायुद्धातील व्हर्दूनचे विजेते, तेव्हा ८४ वर्षांचे. त्यांच्यामागे लोकांची खरीखुरी श्रद्धा होती. ऑक्टोबर १९४० मध्ये मोंत्वार येथे हिटलरशी हस्तांदोलन केल्यावर त्यांनी नभोवाणीवरून जर्मनीशी सहकार्याचा मार्ग जाहीर केला. तेव्हापासून ‘सहकार्य’ हा शब्द फ्रेंच राजकारणात कायमचा डागाळला.

या सहकार्याला अनेक पदर होते. पंतप्रधान पिएर लाव्हाल यांनी जून १९४२ मध्ये जर्मनीच्या विजयाची इच्छा उघडपणे बोलून दाखवली. त्याच वर्षी १६ आणि १७ जुलैला पॅरिसमध्ये फ्रेंच पोलिसांनी सुमारे १३ हजार ज्यूंना धरले. त्यांत चार हजारांहून अधिक मुले होती. संपूर्ण युद्धकाळात फ्रान्समधून सुमारे ७६ हजार ज्यूंची रवानगी मृत्युछावण्यांकडे झाली आणि त्यांतले फार थोडे परतले. १९४३ पासून फ्रेंच तरुणांना सक्तीने जर्मन कारखान्यांत धाडले जाऊ लागले. जानेवारी १९४३ मध्ये जोझेफ दार्नां यांच्या नेतृत्वाखाली ‘मिलीस’ ही निमलष्करी संघटना उभी राहिली. भूमिगतांना हुडकणे, त्यांचा छळ करणे आणि त्यांना ठार मारणे हे तिचे काम. पॅरिसच्या लोरिस्तों रस्त्यावर आंरी लाफों या अट्टल गुन्हेगाराने आणि पिएर बोनी या बडतर्फ पोलीस अधिकाऱ्याने जर्मनांसाठी छळाचा अड्डाच चालवला. याशिवाय निनावी पत्रे लिहून शेजाऱ्यांची नावे कळवणारे होते, जर्मन सैन्याला सिमेंट विकणारे ठेकेदार होते आणि वर्तमानपत्रांतून नाझी विचारांचा प्रसार करणारे लेखक होते. या सगळ्यांना एकाच मापाने मोजणे शक्य नव्हते, हे पुढच्या सर्व वादांचे मूळ आहे.

युद्ध चालू असतानाचा सूड

हिशेब मुक्तीनंतर सुरू झाला ही समजूत खरी नाही. व्हिशी सरकारातील दुसऱ्या क्रमांकाचे पुढारी राहिलेले अॅडमिरल दार्लां यांची २४ डिसेंबर १९४२ रोजी अल्जिअर्समध्ये वीस वर्षांच्या एका तरुणाने गोळ्या घालून हत्या केली. दोनच दिवसांत त्या तरुणालाही गोळ्या घालण्यात आल्या. व्हिशीचे माजी गृहमंत्री पिएर प्युशो बाजू बदलून उत्तर आफ्रिकेत आले. जर्मनांनी ओलिसांना ठार मारले त्यात त्यांचा वाटा असल्याचा आरोप होता. अल्जिअर्समध्ये त्यांच्यावर लष्करी खटला चालला आणि मार्च १९४४ मध्ये त्यांना मृत्युदंड दिला गेला. उशिरा बाजू बदलल्याने सुटका होणार नाही, हा त्यामागचा संदेश व्हिशीतल्या अधिकाऱ्यांना समजला.

फ्रान्सच्या आत या सूडाला प्रतिसूडाची जोड होती. व्हिशीचे प्रचारमंत्री फिलिप आंरिओ यांचा आवाज रोज नभोवाणीवरून घरोघरी पोहोचत असे. २८ जून १९४४ रोजी मिलीसच्या माणसांच्या वेशात आलेल्या भूमिगतांनी त्यांना पॅरिसमधील त्यांच्या निवासस्थानी ठार केले. दुसऱ्या दिवशी ल्योंजवळच्या रिय-ला-पाप येथे मिलीसने सात ज्यूंना भिंतीशी उभे करून मारले. काही दिवसांनी ज्यू वंशाचे माजी मंत्री झॉर्झ मांदेल यांचाही फोंतेनब्लोच्या जंगलात मिलीसने खून केला. १९४४ च्या उन्हाळ्यात अनेक जिल्ह्यांत अक्षरशः यादवी चालू होती. त्या काळातील हत्यांचा विचार शांततेच्या काळातील मोजमापाने करता येत नाही, हे शुद्धीकरणाचे टीकाकारही आता साधारणपणे मान्य करतात.

मुक्तीचा उन्हाळा

दोस्त फौजा पुढे सरकत गेल्या तशी गावोगाव धरपकड सुरू झाली. कुठे भूमिगतांनी खबऱ्यांना परस्पर गोळ्या घातल्या, कुठे घाईने लष्करी न्यायालये बसवली. साव्वा प्रांतातील ल ग्रां-बोर्नां या डोंगरी गावातील घटना या दोहोंच्या मधली आहे. तिथे शरण आलेल्या मिलीसच्या ९७ जणांना २३ ऑगस्ट १९४४ रोजी तातडीच्या न्यायालयापुढे उभे केले गेले. २१ जण सुटले आणि उरलेल्या ७६ जणांना दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्या घालण्यात आल्या. आरोपींना वकील होते, काहींना निर्दोषही ठरवले गेले. परंतु एका दिवसात ९७ माणसांचा न्याय कसा होतो, हा प्रश्न उरतोच. याला सूड म्हणावे की न्याय, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

स्त्रियांची मुंडणे हा या उन्हाळ्यातील सर्वांत दुःखद भाग. जर्मन सैनिकांशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून स्त्रियांना चौकात आणून त्यांचे केस भादरले गेले आणि त्यांची धिंड काढली गेली. रॉबर्ट कापा यांनी ऑगस्ट १९४४ मध्ये शार्त्र येथे टिपलेले तान्ह्या मुलाला कवटाळून चालणाऱ्या मुंडण केलेल्या स्त्रीचे छायाचित्र जगभर पोहोचले. इतिहासकारांनी मात्र पन्नास वर्षे या विषयाकडे फारसे लक्ष दिले नाही. फाब्रिस व्हिर्जिली यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा स्त्रियांची संख्या सुमारे २० हजार असल्याचे दाखवले. त्यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आणली. मुंडण झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांवरच प्रेमसंबंधांचा आरोप होता. बाकीच्यांवर चहाडी, काळाबाजार किंवा जर्मनांकडे नोकरी असे, पुरुषांवरही होणारेच आरोप होते. तरी शिक्षा स्त्रीच्या शरीरालाच झाली. पराभवाने दुखावलेल्या पुरुषी अभिमानाची ही भरपाई होती, असा अर्थ व्हिर्जिली लावतात. तो सर्वांना पूर्ण पटलेला नसला, तरी मुंडणांना केवळ जमावाचा क्षणिक उद्रेक म्हणणे त्यानंतर कठीण झाले आहे.

आकड्यांचा वाद

खटल्याविना किती माणसे मारली गेली, हा प्रश्न अनेक दशके राजकीय हत्यार होता. तत्कालीन गृहमंत्र्यांच्या तोंडी घातलेला १,०५,००० हा आकडा व्हिशीचे समर्थक वारंवार सांगत. प्रत्यक्षात तो सांगीवांगीवर आधारलेला होता. इतिहासकार रोबेर आरों यांनी १९५९ मध्ये ३० ते ४० हजारांचा अंदाज मांडला. सरकारी पाहण्यांतून मात्र दहा हजारांच्या आसपासचा आकडा निघत होता, आणि अमेरिकी इतिहासकार पीटर नोव्हिक यांनी १९६८ च्या आपल्या ग्रंथात तोच ग्राह्य धरला. पुढे जिल्हावार कागदपत्रे तपासण्याचे चिकाटीचे काम झाले. आज सुमारे ९ हजार हा आकडा बहुतेक इतिहासकार स्वीकारतात. त्यांतील मोठा भाग मुक्तीपूर्वीच्या किंवा प्रत्यक्ष मुक्तीच्या लढाईतील आहे. शुद्धीकरणाविषयीचा हा एवढा एकच वाद जवळपास मिटला आहे, असे म्हणता येते.

न्यायालयांचे काम

मुक्त फ्रान्सचे नेते जनरल द गॉल यांच्या तात्पुरत्या सरकारची भूमिका स्पष्ट होती. व्हिशीची राजवट मुळातच अवैध होती, त्यामुळे तिच्या आज्ञा पाळल्या हा बचाव चालणार नाही. जून १९४४ च्या वटहुकुमाने खास न्यायालये स्थापन झाली. एक व्यावसायिक न्यायाधीश आणि देशनिष्ठा सिद्ध झालेले चार पंच, अशी त्यांची रचना होती. आरोप बहुधा दंडसंहितेच्या ७५ व्या कलमाखाली, म्हणजे शत्रूशी संधान बांधल्याचा, असे. हे कलम युद्धापूर्वीपासून होते. ऑगस्ट १९४४ मध्ये निर्माण केलेला ‘राष्ट्रीय अपात्रते’चा अपराध मात्र नवा आणि पूर्वलक्षी होता. त्याखाली दोषी ठरणाऱ्याचा मताधिकार, सरकारी नोकरी आणि अनेक व्यवसाय करण्याचा हक्क जात असे.

या व्यवस्थेवर दोन बाजूंनी टीका झाली. पंच म्हणून बसलेले लोक स्वतः पीडित होते, त्यांच्याकडून तटस्थतेची अपेक्षा कशी करायची, हा एक आक्षेप. दुसरा न्यायाधीशांविषयीचा. १९४१ मध्ये पेतां यांच्याशी निष्ठेची शपथ घेण्यास पॉल दिदिए या एकाच न्यायाधीशाने नकार दिला होता; बाकी सर्वांनी ती घेतली होती. त्याच न्यायसंस्थेने आता पेतां यांच्या सेवकांना देशद्रोही ठरवायचे होते. लाव्हाल यांच्या खटल्यात ऑक्टोबर १९४५ मध्ये पंचांनी आरोपीला शिवीगाळ केली, बचावाचे वकील निषेध म्हणून गैरहजर राहिले आणि काही दिवसांतच निकाल लागला. शिक्षेच्या सकाळी लाव्हाल यांनी विष घेतले. डॉक्टरांनी त्यांना शुद्धीवर आणले आणि मग गोळ्या घालण्यात आल्या. लाव्हाल यांच्या अपराधाविषयी आज कोणाला शंका नाही. पण तो खटला न्याय्य होता, असे म्हणणाराही सापडत नाही.

एकूण चित्र पाहिले तर न्यायालयीन शुद्धीकरण रक्तपिपासू नव्हते. तीन लाखांहून अधिक प्रकरणे उघडली गेली. खास न्यायालयांनी ६,७६३ जणांना मृत्युदंड सुनावला. त्यांपैकी ३,९१० जण गैरहजर होते. प्रत्यक्षात ७६७ जणांना मारण्यात आले. लष्करी न्यायालयांच्या शिक्षा मिळवल्या तर हा आकडा सुमारे दीड हजारांवर जातो. द गॉल यांनी आपल्यापुढे आलेल्या २,०७१ दयाप्रकरणांपैकी १,३०३ जणांना जीवदान दिले. पेतां यांचा मृत्युदंडही वय पाहून जन्मठेपेत बदलला गेला आणि १९५१ मध्ये ते यू बेटावर कैदेतच वारले. दार्नां, लाफों आणि बोनी यांना मात्र दया मिळाली नाही.

विषमता दिसते ती कोणाला धरले गेले यात. लेखक आणि पत्रकारांचा गुन्हा छापील होता, खाली सही होती, पुरावा शोधावा लागत नव्हता. जर्मनांसाठी तटबंदी बांधणाऱ्या ठेकेदारांच्या हिशेबवह्या तपासायला वेळ लागत होता, आणि देशाच्या पुनर्बांधणीला सिमेंटही हवे होते. ज्यांच्यावर पहिल्या महिन्यांत खटले चालले त्यांना कठोर शिक्षा झाल्या, लपून राहिलेल्यांना दोन-तीन वर्षांनी तशाच अपराधासाठी सौम्य शिक्षा मिळाली. अपराध किती मोठा यापेक्षा खटला कधी चालला यावर शिक्षा ठरावी, हे या प्रक्रियेचे सर्वांत मोठे वैगुण्य होते.

लेखकांचा वाद

या प्रश्नाची नैतिक बाजू सर्वांत खोलवर मांडली गेली ती दोन वर्तमानपत्रांतून. ‘कोंबा’मध्ये आल्बेर काम्यू यांनी लिहिले की मृतांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार जिवंतांना नाही, आणि न्यायाशिवाय नवे प्रजासत्ताक उभे राहणार नाही. त्यांचे कवी मित्र रने लेनो यांना जर्मनांनी काही महिन्यांपूर्वीच गोळ्या घातल्या होत्या. ‘फिगारो’मध्ये कॅथलिक कादंबरीकार फ्रांस्वा मोरियाक यांनी दयेची आणि राष्ट्रीय सलोख्याची बाजू घेतली. मोरियाक स्वतः प्रतिकार चळवळीतले होते, त्यामुळे त्यांची दया फितुरांविषयीच्या सहानुभूतीतून आलेली नव्हती.

रोबेर ब्राझियाक यांच्या खटल्याने हा वाद टोकाला नेला. ‘झ स्वी पार्तू’ या ज्यूद्वेष्ट्या साप्ताहिकाचे ते माजी संपादक. ज्यूंना लहान मुलांसह हाकलावे असे त्यांनी लिहिले होते. १९ जानेवारी १९४५ रोजी काही तासांत खटला आटोपला आणि ६ फेब्रुवारीला त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्या दयेच्या अर्जावर मोरियाक यांच्यासह पॉल व्हालेरी, पॉल क्लोदेल आणि झाँ कोक्तो यांच्या सह्या होत्या. काम्यू यांनीही सही केली. ब्राझियाक यांच्याविषयीचा तिटकारा कायम ठेवून, मृत्युदंडाला विरोध म्हणून ही सही होती. झाँ-पोल सार्त्र आणि सिमोन द बोव्हार यांनी सही नाकारली. सूडाने गेलेले काही परत येत नाही हे मान्य करूनही, माणसाला वस्तू करणाऱ्या अपराधाला शिक्षा झालीच पाहिजे, असे बोव्हार यांनी १९४६ च्या निबंधात मांडले. ऑगस्ट १९४५ मध्ये काम्यू यांनीच शुद्धीकरण फसल्याचे लिहिले, आणि पुढे एका भाषणात मोरियाक यांचे म्हणणे बरोबर होते अशी कबुली दिली. त्यांच्यासारख्या माणसाने मत बदलले याचा आधार टीकाकार नेहमी घेतात. पण काम्यू यांची निराशा शुद्धीकरण ज्या रीतीने झाले त्याविषयी होती. अपराध विसरावेत असे ते कधीच म्हणाले नाहीत.

माफी आणि विस्मरण

शीतयुद्ध सुरू झाले आणि वारे बदलले. १९५१ आणि १९५३ च्या माफी कायद्यांनी बहुतेक कैदी सुटले आणि गमावलेले हक्क परत मिळाले. प्रतिकार चळवळीतले लेखक झाँ पोलां यांनी या सुमारास आपल्याच माजी सहकाऱ्यांवर न्यायाचा विपर्यास केल्याचा आरोप केला. आरों यांनी १९५४ च्या ग्रंथात पेतां ही देशाची ढाल आणि द गॉल ही तलवार असल्याचे चित्र उभे केले. ते लोकांना सोयीचे होते.

या चित्राला तडा गेला तो १९७० च्या सुमारास. मार्सेल ओफुल्स यांच्या ‘ल शाग्रँ ए ला पितिए’ या माहितीपटाने क्लेरमों-फेराँ शहरातील सहकार्याचे दैनंदिन रूप दाखवले. सरकारी दूरचित्रवाणीने तो १९८१ पर्यंत दाखवला नाही. १९७२ मध्ये अमेरिकी इतिहासकार रॉबर्ट पॅक्स्टन यांनी जर्मन कागदपत्रांच्या आधारे सिद्ध केले की व्हिशीने सहकार्याचा पुढाकार स्वतःहून घेतला होता. त्यानंतर प्रश्नाचा रोखच बदलला. १९४५ च्या न्यायालयांनी शत्रूशी संधान हा मुख्य अपराध मानला होता, ज्यूंची पाठवणी त्यांच्या दृष्टीने दुय्यम होती. आता तीच केंद्रस्थानी आली.

अर्धशतकानंतरचे खटले

१९६४ च्या कायद्याने मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांना मुदतीची मर्यादा उरली नव्हती. त्याखाली सापडलेली तीन नावे १९४५ च्या त्रुटी दाखवून देतात.

ल्योंच्या मिलीसमधील पॉल तुव्हिए गैरहजेरीत झालेला मृत्युदंड चुकवून वर्षानुवर्षे धर्मसंस्थांच्या आश्रयाने लपले. १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष पोंपिदू यांनी त्यांना माफी दिली आणि त्यावर संताप उसळला. १९८९ मध्ये नीस येथील मठात ते सापडले. एप्रिल १९९४ मध्ये रिय-ला-पापच्या सात हत्यांसाठी त्यांना जन्मठेप झाली. आंरिओ यांच्या खुनाचा बदला म्हणून झालेल्या त्या हत्यांचा हिशेब अशा रीतीने पन्नास वर्षांनी लागला. मात्र फ्रेंच न्यायालयांच्या व्याख्येप्रमाणे कृत्य जर्मनांच्या इशाऱ्यावरून झाल्याचे दाखवणे आवश्यक होते. मिलीसने ते आपल्या मनाने केले असते, तर तुव्हिए सुटले असते. ही व्याख्या व्हिशीचा स्वतंत्र अपराध झाकते, हा इतिहासकारांचा आक्षेप रास्त आहे.

व्हिशीचे पोलीस प्रमुख रने बुस्के यांनी १९४२ च्या पॅरिसमधील धरपकडीची व्यवस्था लावली होती. १९४९ मध्ये त्यांना पाच वर्षांची राष्ट्रीय अपात्रता सुनावली गेली आणि प्रतिकार चळवळीला मदत केल्याच्या कारणावरून लगेच माफही झाली. ते बँकिंग क्षेत्रात वर चढले. १९९१ मध्ये नवे आरोप ठेवले गेले, पण खटला उभा राहण्यापूर्वीच ८ जून १९९३ रोजी एका माणसाने पॅरिसमधील राहत्या घरी त्यांना गोळ्या घातल्या. या हत्येने पीडितांच्या कुटुंबांचे नुकसानच केले, कारण सर्वांत मोठ्या अधिकाऱ्याची उघड साक्ष कायमची हुकली.

मोरिस पापों हे बोर्दो येथील प्रशासकीय अधिकारी. नंतर पॅरिसचे पोलीस प्रमुख आणि १९७८ ते १९८१ अर्थसंकल्प खात्याचे मंत्री. ज्यूंच्या गाड्या भरून पाठवण्याच्या आदेशांखालच्या सह्यांमुळे एप्रिल १९९८ मध्ये त्यांना दहा वर्षांची कैद झाली. प्रकृतीच्या कारणावरून २००२ मध्ये ते सुटले. या खटल्यात इतिहासकारांना साक्षीदार म्हणून बोलावले गेले. पॅक्स्टन यांनी साक्ष दिली. आंरी रूसो यांनी नकार दिला. एका माणसाचा अपराध ठरवणे आणि एका काळाचे आकलन करणे ही वेगळी कामे आहेत, असे रूसो यांचे म्हणणे. त्यावर अजून मतभेद आहेत.

इतर देशांशी तुलना

नॉर्वेने नाझीधार्जिणा पुढारी क्विसलिंग याच्यासह २५ नॉर्वेजियनांना मृत्युदंड दिला, आणि सुमारे ९० हजार प्रकरणे तपासली. लोकसंख्येच्या मानाने ही व्याप्ती फ्रान्सपेक्षा मोठी होती. बेल्जियममध्ये २४२ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. डेन्मार्कने पूर्वलक्षी कायदा करून मृत्युदंड परत आणला. इटलीत उत्तरेकडील हत्या अधिक होत्या, पण न्यायमंत्री तोल्याती यांच्या १९४६ च्या माफीने न्यायालयीन हिशेब लवकर आटोपला. इटली सोडली तर खटल्याविना झालेल्या हत्या फ्रान्समध्ये जास्त आणि कायदेशीर शिक्षा तुलनेने सौम्य, असा निष्कर्ष या तुलनेतून निघतो.

न सुटलेले प्रश्न

डिसेंबर २०१५ मध्ये खास न्यायालयांचे आणि पोलिसांचे युद्धकालीन अभिलेख सर्वांसाठी खुले झाले. शिक्षा झालेल्यांच्या कुटुंबांचे पुढे काय झाले, गावातले जुने वैर किती वेळा देशभक्तीच्या नावाने वसूल केले गेले आणि कारखानदार का सुटले, या प्रश्नांवर स्थानिक पातळीवरचे काम चालू आहे.

काही फितुरींचा छडा मात्र कागदांतूनही लागलेला नाही. बडोद्यात जन्मलेले सूफी संगीतकार हजरत इनायत खान यांची मुलगी नूर ब्रिटिशांची बिनतारी संदेशवाहक म्हणून पॅरिसमध्ये काम करत होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये ती पकडली गेली आणि सप्टेंबर १९४४ मध्ये दाखाऊ छावणीत मारली गेली. तिचा ठावठिकाणा विकल्याचा आरोप असलेल्या स्त्रीची १९४९ मध्ये निर्दोष सुटका झाली.

त्याहून मोठे कोडे झाँ मूलँ यांचे. प्रतिकार चळवळीला एकत्र आणणाऱ्या या नेत्याला २१ जून १९४३ रोजी ल्योंजवळ कालुइर येथे एका डॉक्टरच्या घरातील गुप्त बैठकीत ल्योंच्या गेस्टापोचा प्रमुख क्लाउस बार्बी याच्या माणसांनी पकडले. बैठकीला न बोलावता आलेल्या रने हार्डी यांना थोड्याच दिवसांपूर्वी जर्मनांनी धरून सोडले होते, आणि त्यांनी ते सहकाऱ्यांपासून लपवले होते. १९४७ च्या खटल्यात ते सुटले. आपण खोटे बोललो हे उघड झाल्यावर १९५० मध्ये पुन्हा खटला चालला, आणि लष्करी न्यायालयाने त्यांना पुन्हा थोडक्या मतांनी सोडले. बहुतेक इतिहासकारांचा संशय त्यांच्यावरच आहे. हार्डी १९८७ मध्ये वारले, बार्बी १९९१ मध्ये ल्योंला कैदेत मरण पावला, आणि कालुइरची खबर देणारा म्हणून आजपर्यंत कोणीही न्यायालयात दोषी ठरलेला नाही.